तरवड कुठंबी उगवतो

लातुरात मी नर्सरी चालवली, पण ज्या एका झाडावर मी जीव टाकला ते नर्सरीत विकायचं झाडच नव्हतं. तरवड. माळावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला उभा असतो तो. कमरेइतका, फार तर डोक्याइतका. चिंचेसारखी बारीक पानं, पाऊस ओसरता ओसरता पिवळीधमक फुलं आणि मग चपट्या तपकिरी शेंगा. पाणी नको, राखण नको, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. दुष्काळात आजूबाजूचं सगळं करपलं तरी हा हिरवा. मी तरवडाची रोपं करते म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडं बघायचा, मग हसायचा आणि म्हणायचा, "चाची, तरवड कशाला लावायलाव? त्यो तर कुठंबी उगवतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं मीच ते आधी म्हणून टाकायची.

माझं नाव शमीम. माहेर शिरूर अनंतपाळचं. मराठी शाळेत शिकले म्हणून हे लिहिता येतंय, नाहीतर घरात आमचं सगळं दखनीत चालतं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासऱ्यांची फळांची हातगाडी होती आणि आमचे युसूफमियाँ तीनचाकी टेम्पो चालवायचे. नांदेड रस्त्याला, तेव्हाच्या गावाबाहेर, एक पडीक जमीन भाड्यानं मिळाली. विहिरीला बऱ्यापैकी पाणी होतं. तिथं मी पेरू, लिंबू, सीताफळ, मोगरा, गुलाब अशी रोपं करू लागले. गिऱ्हाईक मला आधी भाभी म्हणायचं, केस पिकले तशी चाची झाले आणि क्लासची पोरं आली तेव्हा आँटी. आँटी झाल्यावर धंदा वाढला आणि मन उतरलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सरी म्हणजे बी टाकायचं, पाणी घालायचं आणि सावलीत बसून राहायचं. तसं असतं तर आमच्या घरातला प्रत्येक पुरुष नर्सरीवाला झाला असता. खरं काम मुळांचं असतं. वर काय चाललंय ते गिऱ्हाईक बघतं, खाली काय चाललंय ते आम्ही बघायचं. पिशवीत मूळ गोल गोल फिरत बसलं की रोप दिसायला टवटवीत असतं आणि जमिनीत गेल्यावर मान टाकतं. मग लोक म्हणतात, शमीमनं मेलेलं झाड दिलं. म्हणून रोप हातात घेतलं की मी पानं बघतच नाही, पिशवी दाबून बघते. लग्नासाठी मुलं दाखवायला आणली तेव्हाही माझी नजर चेहऱ्यावर न जाता पायांवर जायची, असं माझ्या मुली सांगतात.

भूकंपाच्या वर्षी गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे गावंच्या गावं झोपलेलीच राहिली. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. लातुरात आमची एक भिंत तडकली, माणसं शाबूत राहिली. माझा भूकंपाशी संबंध आला तो नंतर, झाडांमुळे. जुनी गावं सोडून लोकांना दुसरीकडं वसवायचं ठरलं. आधी पत्र्याचे शेड आले, मग रानात सरळ रेषेत आखलेली नवी घरं. ती इतकी सारखी की पहिले काही दिवस माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरायची. बाहेरून आलेल्या एका संस्थेला तिथं प्रत्येक दारात सावली करायची होती. गुलमोहर, अशोक, सुबाभूळ अशी मोठी ऑर्डर मला मिळाली. युसूफमियाँच्या टेम्पोत भरून आम्ही ती रोपं पोचवायला गेलो.

प्रत्येकाला दोन रोपं वाटून झाली. एक बाई दोन्ही परत घेऊन आली. उंच, काटक, कपाळावर जुन्या गोंदणाची हिरवी टिकली. रोपं तिनं टेम्पोच्या फळीवर ठेवली.

"ह्ये काय करू मी घिऊन?"

"दारात लावा मावशी. सावली होईल," मी म्हटलं.

"सावलीचं मला लई भ्या वाटतंय. डोक्यावर काय नको आता. तरवड हाय का?"

युसूफमियाँ हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये तो माळ का कचरा है शमीम, इसको कौन लेता?" मीही हसलेच असते, पण बाई तिथून हलेना.

ती सोजरबाई. तिचं घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं होतं. जाड दगडी भिंती, त्यांवर सागवानी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्या पहाटे तेच माळवद खाली आलं. सोजरबाई अंगणात निजली होती. आत तिची सून मंगल होती, पहिल्यांदाच दिवस गेलेली. मुलगा पुण्याला कंपनीत होता, तो वाचला, पण पुढं गावाकडं फिरकला नाही. सोजरबाई एकटी राहिली.

त्या घराच्या परसात तरवड होता. नवरात्रात आमच्या भागात घट बसतात आणि रोज घटावर फुलांची माळ चढते. विकतची झेंडू-शेवंती शहरात. खेड्यात कारळ्याची आणि तरवडाची फुलं. मंगल लग्न होऊन आल्यापासून माळ तीच करायची.

"मला येत न्हाई तशी माळ करता," सोजरबाई म्हणाली. "पन फुलं तरी तिच्या झाडाची पायजेत. तिच्याच. दुसरा तरवड मला माळावर दिसतुय की."

म्हणजे तिला नुसता तरवड नको होता. मंगलच्या परसातला तरवड तिला नव्या घराच्या दारात हवा होता. मी हो म्हणून बसले. तरवडच तो, कुठंबी उगवतो, असं मलाही वाटलं होतं.

तिला टेम्पोत बसवून आम्ही जुन्या गावाला गेलो. दगडांचे ढीग, त्यात अडकलेले पत्रे, एक पाळणा. सोजरबाईच्या घराचा उंबरा तेवढा जागच्या जागी होता. मागं परसात तरवड उभा होता, अंगभर फुलून. त्याला काही झालंच नव्हतं. सोजरबाई त्याच्याकडं बघून रडली नाही, उलट चिडली. "बगा कसा माजलाय," म्हणाली.

त्याच्या बुडाशी उगवलेली पोरसवदा रोपं मी मातीच्या गोळ्यासकट खणून आणली. आठवड्यात सगळी गेली. दुसऱ्यांदा आणली, तीही गेली. तेव्हा कळलं की दुष्काळात हा तगतो तो कशाच्या जोरावर. तरवडाचं रोप वर वीतभर दिसतं तेव्हा खाली त्याचं सोटमूळ कोपरभर गेलेलं असतं. ते तुटलं की संपलं. एकदा जागा धरली की ज्याला हलवता येत नाही असं झाड मला अशा लोकांच्या दारात लावायचं होतं, ज्यांना सगळ्यांनाच उचलून दुसरीकडं नेलं होतं.

मग शेंगा आणल्या. बीही हट्टी. टणक कवचाचं, नुसतं पेरलं तर महिनोन् महिने पडून राहतं. पाणी उकळून उतरवायचं, थोडं निवू द्यायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी जे फुगलं ते घ्यायचं. पिशवीही नेहमीची चालत नाही. मी दोन-दोन पिशव्या जोडून लांब नळ्या शिवल्या. नर्सरीतल्या बाया विचारायच्या, "भाभी, पिशव्या शिवायलाव का पायजमे?" रोपं निघाली. पाऊस लागताच सोजरबाईच्या दाराशी दोन्ही बाजूंना लावली आणि उरलेली नर्सरीच्या कोपऱ्यात, कारण दुसरं कुणी ती घेणार नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस ओसरला आणि सोजरबाईचं दार पिवळं झालं. आजूबाजूच्या दारांत संस्थेचे गुलमोहर पाण्यावाचून काड्या होऊन उभे होते. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सोजरबाईनं घटाला वेडीवाकडी माळ चढवली आणि मला फराळाचं दिलं. पण फुलं गळून गेली तरी शेंग धरली नाही. पुढच्या वर्षीही तेच. नर्सरीतल्या झाडांना एखाददुसरी वाकडी शेंग लागायची, सोजरबाईच्या दारात तीही नाही. तरवड काही वडासारखा जुना होत नाही, त्याला मागून रोपं लागतात. जुन्या परसातलं मूळ झाडही तोवर वठलं होतं. शेंग नाही तर बी नाही, आणि बी नाही तर मंगलचा तरवड त्या दाराशीच संपणार.

कारण मला सापडलं ते एका बारशात. नव्या गावात जन्मलेल्या पहिल्या मुलीचं बारसं होतं. बांबूचा मांडव, बाया पाळणा म्हणत होत्या, पंगत बसायची होती. एक म्हातारा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. एकदम ताठ झाला. कान खांबाला लावला आणि ओरडला, "घुमतंय! खालून घुमतंय!"

त्या भागात भूकंपाआधी जमिनीतून असेच आवाज यायचे आणि नंतरही कितीतरी दिवस येत राहिले. घुमतंय म्हटल्यावर तिथं कुणी विचार करत बसत नाही. पाळण्यातलं मूल उचलून आई आधी पळाली, मागून सगळा मांडव. मीही पळाले, माझ्या चपला तिथंच राहिल्या. रानात जाऊन सगळे उभे. जमीन हलली नाही. मग एक जण भीत भीत परत गेला, खांबाला कान लावला आणि हसत सुटला. बांबूला गोल भोक होतं आणि आत काळा भुंगा गुणगुणत होता.

सगळे हसले. पोट धरून हसले. पंगत बसली, लाडू वाढले. पण संध्याकाळी निघताना मी बघितलं, मांडवाचे बांबू मोडून आगीत टाकले होते. त्यानंतर ज्या घरात वाळकं लाकूड दिसलं ते जाळलं, ज्या भोकात भुंगा दिसला त्यात चिखल भरला. त्यांना हसू आलं होतं, पण तो आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा नव्हता.

परत येताना टेम्पोत मला उलगडलं. तरवडाचं फूल कधी हातात घेऊन बघा. त्यात मध नसतो. पराग असतो, तोही उघडा नाही, बारीक नळ्यांत बंद. पावडरच्या डब्याला असतं तसं टोकाला भोक. मधमाशी येऊन नुसती बसते नि जाते, तिच्यानं तो निघत नाही. काळा भुंगा फूल मिठीत धरतो, पंख न हलवता जोरात घुमतो, त्या थरथरीनं पराग बाहेर सांडतो आणि त्याच्या अंगावरून दुसऱ्या फुलात जातो. माहेरी माळावर मी लहानपणी हे तासन् तास बघितलं होतं, पण त्याचा शेंगेशी संबंध कधी जोडला नव्हता. घुमल्याशिवाय शेंग धरत नाही. आणि जो आवाज ऐकून अख्खं गाव पळत होतं, तोच सोजरबाईच्या झाडाला हवा होता.

भुंगा राहतो वाळक्या लाकडात. नव्या गावात सगळं सिमेंट. जुन्या गावात माळवदाच्या तुळयांत, खांबांत पिढ्यान् पिढ्या भुंगे राहत होते, म्हणून परसात शेंगा लगडत होत्या. सोजरबाईच्या घराची एक तुळई अजून तिथं ढिगाऱ्यात पडून होती, भोकाभोकांची. ती आणून तरवडाशेजारी उभी केली तर झालं असतं. पण हे सोजरबाईला सांगायचं कसं? मी धीर करून सांगितलं.

ती म्हणाली, "भाभी, त्या लाकडाखाली मंगल हुती."

"मला ठाऊक आहे मावशी."

"मंग कसं म्हनलाव तुमी?"

मी तशीच उठून आले. युसूफमियाँ मला रागावले आणि त्यांचं बरोबर होतं.

दिवाळीनंतर नर्सरीपुढं बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत तुळई आणि तुळईकडं पाठ करून बसलेली सोजरबाई. उतरून माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमच्याकडं ठिवा. माज्या दारात नको, मला दिसाया नको. शेंगा तुमच्याकडंच धरू द्या, मी बी घिऊन जाईन."

कोपऱ्यातल्या तरवडांच्या मधोमध आम्ही ती तुळई उभी केली. उन्हाळ्यात तिच्या बुडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला. भुंगा आला होता. त्या वर्षी नर्सरीतल्या तरवडाला इतक्या शेंगा लागल्या की फांद्या वाकल्या.

पुढची कितीतरी वर्षं सोजरबाई घट बसायच्या आदल्या दिवशी औशाकडच्या एसटीनं यायची, शेंगा घेऊन जायची आणि दारातली झाडं नवी करायची. पहिल्या वर्षी ती नर्सरीच्या फाटकातच थांबली, शेंगा मी तोडून दिल्या. पुढं विहिरीपर्यंत आली. मग कधीतरी कोपऱ्यात माझ्याजवळ बसून चहा घेऊ लागली. तुळईत भुंगे घुमायचे. ती अंग चोरून ऐकायची. एकदा म्हणाली, "आत कायतरी जितं हाय, येवढं बरं वाटतंय." मला त्या क्षणी वाटलं, माझ्या हातून एक तरी काम नीट झालं. युसूफमियाँनी ते बघितलं, नंतर वारले. निदान त्यांचं हसणं तोवर थांबलं होतं.

लातूर तोवर बदलायला लागलं होतं. बारावीत इथली मुलं चमकली आणि बघता बघता क्लासच क्लास झाले. नांदेड, लोहा, कुठून कुठून आईबाप मुलांना घेऊन यायचे. आमचा गावाबाहेरचा रस्ता गावात आला. गिऱ्हाईकही बदललं. आता कुणाला झाड वाढवायचं नव्हतं, दिसायला हवं होतं. एका क्लासचे सर आले. म्हणाले, "आँटी, फोटोत ताजं दिसलं पाहिजे. पाणी घालायला माणूस नाही." मी म्हटलं, "माझ्याकडं आहे. पाणी नको, फूल पिवळंधमक." सर खूश. नाव ऐकल्यावर तोंड उतरलं. "तरवड? माळावरचा? पालक म्हणतील, क्लास ओस पडला." शेवटी प्लॅस्टिकची झाडं घेऊन गेले. ती मी विकत नव्हते.

लोह्याची एक बाई आली होती. तिला मुलाच्या खोलीच्या खिडकीत ठेवायला असं झाड पाहिजे होतं की ज्यानं झोप येणार नाही. मुलगा पाठीमागं उभा होता, डोळे तांबारलेले. मी म्हटलं, "झोप उडवणारं झाड माझ्याकडं न्हाई ताई. झोप येईल असं आहे, ते न्या. त्याला त्याचीच गरज दिसती." बाईला राग आला. मुलगा मात्र हसला. त्या पोराचं पुढं काय झालं असेल, असं मला अजून वाटत राहतं.

मग जमिनीच्या मालकानं जमीन विकली. त्याला दोष देत नाही, नर्सरीच्या भाड्यात त्याचं काय होणार होतं. तिथं मुलींचं वसतिगृह आलं. मी बांधणाऱ्यांना एवढंच म्हटलं, कोपरा ठेवा. तरवड हलवता येत नाही, तुळईही तिथंच राहू द्या. माणसं भली होती. "राहू द्या आँटी, हिरवळ बरी दिसते," म्हणाले. मी शेजारच्या गल्लीत खोली घेतली, चार कुंड्या विकत बसू लागले आणि रोज एकदा कोपऱ्यावर नजर टाकून यायची.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग कोपऱ्याच्या अगदी वर अभ्यासिका झाली. रात्रंदिवस पोरी खाली मान घालून बसलेल्या, पान उलटल्याचा आवाज नको अशी शांतता. त्यात खालून भुंग्यांचं घुमणं. एक भुंगा खिडकीतून आत शिरला आणि पोरी ओरडत पळाल्या. एका मुलीच्या आईनं तक्रार केली. वॉर्डनबाई मला म्हणाल्या, "आँटी, मुलींचं वर्ष आहे हो. लक्ष लागत नाही त्यांचं." मी त्यांना परागाच्या नळ्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकूनही घेतलं. मुली वर तेच शिकत होत्या म्हणाल्या, फुलाचे भाग, परागण, सगळं. त्यावर प्रश्न येतो म्हणाल्या.

मग फवारणीवाले आले. तुळई आडवी पाडून कुणीतरी नेली, बहुतेक पाणी तापवायच्या बंबात गेली. मी गेले तेव्हा जमिनीवर काळे भुंगे पडले होते. तरवड तसेच उभे होते आणि पावसानंतर नेहमीसारखे फुललेही.

सोजरबाई घटाच्या आदल्या दिवशी आली. आता काठी टेकत यायची. वाटेत मी काहीच सांगितलं नाही, माझ्यानं सांगवलं नाही. ती कोपऱ्यात आली, फुलांकडं बघितलं आणि नेहमीच्या जागी बसली. थोड्या वेळानं माझ्याकडं वळली.

"भाभी, घुमाय न्हाई?"

मी सांगितलं. ती मला अजून भाभीच म्हणायची, असं म्हणणारी ती एकटीच उरली होती.

"इतकी वर्सं त्या आवाजाचं भ्या वाटलं," ती म्हणाली. "आता न्हाई तर जास्तच भ्या वाटायलंय."

त्या वर्षी शेंगा धरणार नव्हत्या. आदल्या हंगामातल्या थोड्या शेंगा मी घरी राखून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या तिच्या ओटीत घातल्या. म्हटलं, दारात लावा. ती म्हणाली, "दारात आता पंचायतीनं फरशी केलीया. झाडं काडली. पोरांना गाड्या लावाया जागा न्हाई म्हनत्यात." हे तिनं मला आधी का सांगितलं नव्हतं कोण जाणे. बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून. आम्ही दोघी एकमेकींना वाईट वाटू नये म्हणून गप्प होतो. शेंगा तिनं पदराच्या गाठीत बांधल्या आणि एसटीनं गेली. तिची ती शेवटची फेरी. संक्रांतीच्या आधी ती वारल्याचं कळलं. वसतिगृहाचा कोपराही पुढं पार्किंगमध्ये गेला.

आता मी नांदेडला मुलाकडं असते, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत तुळस नि कोरफड आहे. नवरात्रात देगलूरकडच्या बाया बाजारात तरवडाच्या फुलांचे ढीग घेऊन बसतात, तेलुगूत तंगेडु म्हणतात त्या त्याला. एखादी शेंग दिसते का म्हणून मी ते ढीग उगाच चाळते. कुंडीत तो होणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

गेल्या नवरात्रात राहवलं नाही. मुलाला लातूरला लग्नाचं काम आहे असं सांगून निघाले. लातूरहून पुढं एसटी, मग फाट्यावरून ऑटो. नांदेडहून आले, असं ऑटोवाल्याला बोलता बोलता सांगितलं. जुन्या गावात आता वेड्या बाभळी माजल्यात, वाट राहिलेली नाही. ऑटोवाला रस्त्यावर थांबला, मी आत गेले. उंबरा शोधायला वेळ लागला नाही. लांबूनच पिवळं दिसलं.

माझ्याकडून नेलेल्या शेंगा सोजरबाईनं तिथं टाकल्या होत्या. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना, दाराला लावावा तसा, एकेका रांगेत. ते तरवड आपोआप उगवलेले नव्हते, माझ्या हातांना ओळ कळते. माझ्या छातीइतके झालेले, वर फुलं आणि खाली मागल्या शेंगा. ढिगाऱ्यात कुठंतरी अजून लाकूड असणार, कारण सगळीकडं घुमत होतं. मी उंबऱ्यावर बसले. मला खूप रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पिशवीत सुई-दोरा नेला होता. मंगल कशी माळ करायची मला माहीत नाही, मला येते तशी केली आणि उंबऱ्यावर ठेवली. शेंगांना हात लावला नाही. नेऊन लावणार कुठं?

परत आले तर ऑटोवाला कंटाळला होता.

"काय न्यायला आलत्या चाची? हितं तर काईच न्हाई."

"तरवड बघायला आले होते."

"तरवड? नांदेडहून?" तो हसला. "आवो, त्यो तर कुठंबी उगवतो."

"हाव बाबा," मी म्हटलं, "माणसं उठून गेली की कुठंबी उगवतो."

त्यानं ऑटो सुरू केला, आणि मागचं घुमणं ऐकू येईनासं झालं.